ठिपकेबाई

"पण हिची जागा कुठंय?" ठिपकेबाईंनी विचारलं.

त्यांच्या एका हातात जाड, करड्या रंगाची केबल होती आणि दुसऱ्या हातानं त्या टेबलावरचा नवाकोरा लॅपटॉप ताटासारखा गोल फिरवत होत्या. केबलच्या टोकाला दोन्ही बाजूंना स्क्रू आणि मधे पिनांच्या दोन रांगा. लॅपटॉपच्या कडेला मात्र नखाएवढ्या तीन फटी, बाकी सगळं गुळगुळीत.

"आता सगळं त्या फटींतूनच आत-बाहेर जातं, बाई," व्यवस्थापक म्हणाले.

"जात असेल. ही नाही जायची. मुंगीच्या दारातून हत्तीण कशी आत नेऊ?"

खिडकीशी बसलेले मास्तर खो खो हसले. ते या ग्रंथालयातले मुद्रितशोधक. जन्मापासून आंधळे. छापून आलेल्या पानावरून डाव्या हाताचं बोट फिरवायचं आणि चूक सापडली की जीभ टाळ्याला लावून 'टॉक्' असा आवाज काढायचा, हे त्यांचं काम. तो 'टॉक्' ऐकला की ठिपकेबाईंची बोटं टाइप करता करता आजही थांबायची.

अंधांच्या ग्रंथालयातली ही मागची खोली. इथं ब्रेलमधली पुस्तकं तयार होत. ठिपकेबाई मजकूर टाइप करत, संगणक तो ठिपक्यांत बदले आणि भिंतीशी उभं असलेलं लोखंडी यंत्र जाड कागदावर ते ठिपके ठोकून काढी. ठोकायला लागलं की सगळी इमारत हादरायची, म्हणून त्याला सगळे गिरणी म्हणत. ठिपकेबाई तरुणपणी कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेत बदली म्हणून आल्या. रजेवरची बाई परतलीच नाही आणि या गेल्याच नाहीत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं. एरवी शिपायापासून अध्यक्षांपर्यंत त्या ठिपकेबाईच.

गेल्या आठवड्यात जुना संगणक धूर सोडून गेला. मजकूर पेनड्राइव्हवर सुखरूप होता आणि गिरणीही धडधाकट होती, पण दोघांमधला निरोप्याच मेला होता. त्याच्या जागी संस्थेनं लॅपटॉप दिला.

व्यवस्थापकांनी चष्मा काढून पुसला. अवघड काही बोलायचं असलं की ते चष्मा पुसत. "बाई, हे निमित्त समजा. आपले वाचक आता फोनवर पुस्तकं ऐकतात. ध्वनिमुद्रणाला दुसरी खोली हवीय, ही मिळाली तर बरं होईल. गिरणीनं पुष्कळ केलं. पण बोटांनी वाचणारं आता राहिलंय कोण?"

"ताई आहेत."

"एकच."

"दीड," मास्तर म्हणाले. "मला अर्धा धरा. मी पगारी वाचक."

व्यवस्थापक हसले, पण लगेच गंभीर झाले. "ताईंचं मला ठाऊक आहे हो. पण एका माणसासाठी आख्खी खोली अडवायची, हे समितीला कसं सांगू? या महिन्यात जमलं तर बघा. नाहीतर गिरणी हलवावी लागेल."

कुठं हलवायची ते त्यांनी सांगितलं नाही. मागच्या अंगणात मोडकी कपाटं पडली होती, ती सगळ्यांना माहीत होती.

*

पुढच्या भागाला उशीर होणार हे ताईला कुणीतरी सांगायला हवं होतं. ठिपकेबाई संध्याकाळी स्वतःच गेल्या.

ताई चाळिशीच्या आसपासची. डोळे लहानपणीच गेले होते. शाळेत ब्रेल शिकली, आणि मग एका तापात कानही गेले. बोलता येत होतं, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो कधी फार मोठा व्हायचा, कधी कुजबुजीइतका बारीक. भाऊ-वहिनीजवळ राहायची. वहिनी तिच्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढायची आणि ताई ते वाचायची. बाजारात काय मिळालं, दारावर कोण आलं, भाऊ का चिडलाय, सगळं जग त्या तळहातावरून आत जायचं.

वहिनीनं दार उघडलं आणि ताईच्या हातावर बोट फिरवलं. ताईचा चेहरा उजळला.

"ठिपकेबाई! चौथा भाग आणला?" आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला असणार.

बेटावरच्या एका डॉक्टरणीची ती कादंबरी होती. ब्रेलमध्ये पुस्तक फुगतं, त्यामुळे तिचे पाच जाडजूड भाग होणार होते. तिसरा संपला तेव्हा वादळ सुटलं होतं, पलीकडच्या गावात एक बाई अडली होती आणि डॉक्टरीण होडीपाशी येऊन उभी होती.

ठिपकेबाईंनी सगळं सांगितलं. संगणक जळला, केबल बसत नाही, खोलीही कदाचित जाईल. वहिनी भरभर अक्षरं काढत होती. ताई मान हलवत होती. शेवटच्या वाक्याला तिची मान थांबली.

"ताई, असं करू या का?" वहिनी बोलता बोलताच हातावर लिहीत होती. "मी ते पुस्तक आणते. रोज थोडं थोडं तुमच्या हातावर लिहून सांगते. होडी पोचली का ते तरी कळेल."

"नको!" ताईनं हात मागे ओढला.

वहिनीचं बोट हवेत राहिलं. तिचा चेहरा उतरलेला ठिपकेबाईंना दिसला. ताईला तो दिसण्याची सोय नव्हती. तरी तिला काहीतरी कळलं असावं. तिनं चाचपडत वहिनीचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

"रागावू नकोस ग. तू किती करतेस ते मला माहीत नाही का?" आता आवाज अगदी बारीक झाला होता. "पण हातावरचं पुसलं जातं. मागं जाता येत नाही. आवडलेलं वाक्य पुन्हा मागायचं तर तुला थकवायचं. आणि... कसं सांगू... दिवसभर मला जे कळतं ते कुणीतरी सांगितलेलं असतं. पुस्तकात तेवढं मी एकटी असते. मला कुठं रडू आलं ते कुणाला कळत नाही."

वहिनीनं दुसऱ्या हातानं ताईचा तळहात उघडला. मग तिनं ताईच्या हातावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते ठिपकेबाईंनी विचारलं नाही. ताई हसली.

निरोप घेताना वहिनी फाटकापर्यंत आली. "काहीतरी करा हो," एवढंच म्हणाली.

*

ठिपकेबाईंचा जावई संगणकातला होता, पण जावयाला काम सांगायचं म्हणजे ठिपकेबाईंच्या जिवावर आलं. लग्नाला काही वर्षं झाली तरी सासू-जावयाचं संभाषण "जेवलात का?" आणि "हो, आत्ताच" यापलीकडे गेलेलं नव्हतं. तो सोफ्याच्या कडेला बसायचा आणि ठिपकेबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या. दोघंही एकमेकांना भयंकर मान द्यायची आणि त्यामुळे दोघांचीही पाठ अवघडायची.

"आई, तू सांगत का नाहीस त्याला?" लेक फोनवर म्हणाली. "घरातला मिक्सरसुद्धा खोलून बसतो तो. परत जोडत नाही, ती गोष्ट वेगळी."

रविवारी जावई ग्रंथालयात आला. बूट बाहेर काढून, हात मागे बांधून त्यानं गिरणी सगळ्या बाजूंनी पाहिली.

"आई, ही चालू अवस्थेत आहे?"

"तुमच्या आधीपासून आहे आणि रोज चालत होती."

त्यानं खिशातून एक छोटी वायर काढली. एका बाजूला लॅपटॉपच्या फटीत बसणारं टोक, दुसऱ्या बाजूला जुन्या केबलचं तोंड. ठिपकेबाई बघतच राहिल्या. एवढंसं काम होतं? जावयानं वायर जोडली, स्क्रू पिळले, लॅपटॉपवर थोडी खटपट केली. ठिपकेबाईंनी चौथ्या भागाची फाइल उघडून बटण दाबलं.

गिरणी धडधडली. कपाटावरचे खडू खाली पडले. ठिपकेबाईंनी दोन्ही हात जोडून तोंडावर धरले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पहिलं पान घेतलं. बोट पुढं सरकलं. 'टॉक्' नाही. दुसरं पान. मग बोट थांबलं, मागं आलं, पुन्हा थांबलं.

"बाई," मास्तर म्हणाले, "डॉक्टरीण होडीत चढली. डोंगराएवढी लाट आली, आणि..."

"आणि काय?"

"'मीठ कमी पडलंय,' नवरा म्हणाला." मास्तरांनी पान खाली ठेवलं. "लाटेत मीठ कमी पडलं असेल तर लेखक थोर आहे. नाहीतर मधल्या ओळी गेल्या."

ओळी गेल्या होत्या. पान-दीड पान नीट यायचं, मग मधेच पाच-सहा ओळी गडप. पुन्हा छापलं तर दुसऱ्याच ओळी गडप. ठिपकेबाईंनी दोन दिवस एकट्यानं झगडून पाहिलं. कागदाचा ढीग झाला. असलं पुस्तक ताईच्या हातात देणं म्हणजे तिला मधेच फसवणं होतं. गाळलेलं तिला दिसणार नव्हतं, आणि दाखवणारंही कुणी नव्हतं.

जावई संध्याकाळी कामावरून परस्पर आला. त्यानं वायर बदलली, वेग कमी केला, आणखी काय काय केलं. तरी ओळी जातच राहिल्या.

"थांबा जरा," ठिपकेबाई एकदम म्हणाल्या. "हिचा आवाज बरोबर नाहीये."

"म्हणजे?"

"पूर्वी ही मधे मधे दम खायची. थोडं ठोकलं की गप्प, मग पुन्हा. मला त्याची इतकी सवय होती की तेवढ्यात मी चहाचा घोट घ्यायची. आता सलग धावतेय. एकदाही थांबली नाही."

जावई गिरणीकडे बघत राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला. "आई, तेच! ही हळू आहे आणि लॅपटॉप वेगानं ओततो. पोट भरलं की ही 'थांब' म्हणून सांगत असणार. त्यासाठी केबलमध्ये वेगळी तार असते. तुमची जुनी केबल ते सांगतेय, पण ही मधली छोटी वायर आहे ना, ती निरोप पुढं पोचवतच नाही. लॅपटॉप ओतत राहतो आणि जास्तीचं सांडतं."

"मधला दुभाषा कच्चा आहे म्हणा."

"अगदी."

"मग पक्का कुठला आणायचा?"

जावयानं जळलेल्या संगणकाकडे पाहिलं. तो अजून टेबलाखालीच होता. "हिची केबल याला मागे कुठं लागत होती?"

ठिपकेबाईंनी बोटानं जागा दाखवली. जावई थेट जमिनीवर बसला, संगणकाचं पोट उघडलं आणि आतून तळहाताएवढी एक हिरवी पट्टी अलगद ओढून काढली. तिच्या एका कडेला केबलचं तोंड होतं.

"हे कार्ड वेगळं बसवलेलं होतं. संगणक जळला, हे नाही जळलं बहुतेक."

"पण ते या लॅपटॉपमध्ये कुठं बसवणार? आत बोट जाईल एवढीही जागा नाही."

"तेच तर," जावई म्हणाला आणि दोघंही जमिनीवर, त्या हिरव्या पट्टीकडे बघत बसली. मांडीला मांडी लावून. लेकीनं पाहिलं असतं तर फोटो काढला असता.

मग जावयानं लॅपटॉप उचलून त्याच्या फटी दिव्याखाली धरल्या. "आई, यातल्या एका फटीजवळ बारीकशी विजेची खूण आहे, बघा. तिन्ही सारख्या दिसतात, पण ही वेगळी आहे. या फटीला बाहेरून डबा जोडता येतो. डब्यात कार्ड बसवायचं. लॅपटॉपला वाटतं कार्ड आपल्या पोटातच आहे."

"असा डबा असतो?"

"खेळ खेळणारे वापरतात, मोठ्या चित्रांसाठी. आमच्या ऑफिसात एकाकडे पडून आहे. मागतो."

डबा आला. बुटाच्या खोक्याएवढा, काळा, एका बाजूला पंखा. जावयानं कार्डाच्या पिना खोडरबरानं घासून साफ केल्या, ते डब्यात बसवलं आणि डबा विजेच्या खुणेच्या फटीला जोडला. लॅपटॉपला कार्ड दिसलं. ठिपके करणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला मात्र ते दिसेना. त्याला पहिल्याच क्रमांकाचं दार ठाऊक होतं आणि लॅपटॉपनं या दाराला भलताच क्रमांक देऊन ठेवला होता. तो बदलेपर्यंत जावयाचा शर्ट पाठीला चिकटला. ठिपकेबाईंनी न विचारता पुढ्यात चहा ठेवला आणि तोही न संकोचता फुर्र करून प्यायला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याचा फुर्र ऐकला.

"दाबा," तो म्हणाला.

"तुम्ही दाबा."

"नाही आई, तुम्हीच."

गिरणी धडधडली. थोडं ठोकलं, आणि गप्प झाली. जावयानं श्वास रोखला. ठिपकेबाईंनी हात वर करून त्याला थांबायची खूण केली. क्षणभरानं गिरणी पुन्हा सुरू झाली.

"दम खाल्ला!" ठिपकेबाई ओरडल्या. "अहो, दम खाल्ला तिनं!"

मास्तरांना त्यांनी थांबवूनच ठेवलं होतं. पान बाहेर आलं की मास्तर ते घेत होते. एक, मग दुसरं, मग तिसरं. खोलीत गिरणीशिवाय आवाज नव्हता. मास्तरांचं बोट चाललं होतं आणि चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मधेच 'टॉक्' झालं.

ठिपकेबाईंचा चेहरा पडला. "ओळ गेली?"

"नाही. तुम्ही 'किनारा'ची वेलांटी दीर्घ केलीय." मास्तरांनी पान मांडीवर ठेवलं. "बाकी सगळं जागच्या जागी आहे, बाई. लाटेतलं मीठसुद्धा बरोबर आहे."

जावई भिंतीला टेकला आणि डोळे मिटून हसत राहिला.

व्यवस्थापकांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्यांनी डबा पाहिला, पंख्यापुढं हात धरून पाहिला, मग बराच वेळ चष्मा पुसला.

"समितीला काय सांगू ते आता सुचतंय," ते म्हणाले. "ध्वनिमुद्रण सकाळी, गिरणी दुपारनंतर. दोन्ही एकदम चालणारच नाहीत, नाहीतर प्रत्येक बोलक्या पुस्तकात पाठीमागे धडधड येईल. खोली एकच, पाळ्या दोन." जाता जाता दारातून वळून म्हणाले, "आणि बाई, बोटांनी वाचायला शिकायचंय म्हणून एक-दोघांनी मागं विचारलं होतं. मीच नको म्हटलं होतं त्यांना. फोन करून बघतो."

डबा ऑफिसातल्या त्या माणसानं परत मागितला नाही. जावई दर रविवारी यायला लागला. काम असो, नसो. लॅपटॉपचं झाकण मिटलं की डबा झोपतो आणि मग उठता उठत नाही, हे ठिपकेबाईंनीच त्याला शोधून सांगितलं. त्यानं झाकणावर कागद चिकटवला: 'मिटू नये'. मास्तर म्हणाले, तो ठिपक्यांत नाही, म्हणजे मला मिटायची परवानगी आहे.

*

चौथा भाग बांधून झाला तसा ठिपकेबाई तो घेऊन निघाल्या. टपालानं पाठवायचा रिवाज होता, पण या खेपेला त्यांच्यानं राहवलं नाही.

ताईनं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. आधी पुठ्ठ्यावरून हात फिरवला, मग कडेवरून, मग पहिलं पान उघडून वरच्या ओळीवर बोट टेकवलं. बोट सरकलं आणि लगेच तिनं ते उचलून घेतलं, जणू इथं, सगळ्यांसमोर, नको.

"मी आत जाते हं," ती मोठ्यानं म्हणाली. "तुम्ही चहा घ्या."

भिंतीला हात लावत ती तिच्या खोलीत गेली. दार लागलं. मग आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.

वहिनी चपापली. "कडी कधी लावत नाहीत त्या." ती अर्धवट उठली. "पडल्याबिडल्या तर मला कळायचं कसं?"

ठिपकेबाईंनी चहाचा एक कप तिच्या बाजूला सरकवला. वहिनी दाराकडे बघत तशीच थोडा वेळ उभी राहिली आणि मग खाली बसली. दोघींमध्ये चहाचे कप होते. वाफ येत होती. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

आत शांत होतं. मग एकदम ताईचं हसू ऐकू आलं. मोठं, मोकळं, आपण किती जोरात हसतोय याचा पत्ता नसलेलं. वहिनीचा हात सवयीनं पुढं आला, काय झालं ते विचारायला, काय झालं ते सांगायला. पण हाताशी कुणाचाच तळहात नव्हता. तिनं हात मागे घेतला, कप उचलला आणि चहा गरम असतानाच, घोट घोट करत, शेवटपर्यंत प्यायला.